किंग्जच्या गायकवृंदाची जुनी चित्रफीत

विद्यापीठासारख्या दीर्घायुषी संस्थेची स्मृती सामान्यतः दोन ठिकाणी साठवलेली आढळते: तिच्या इमारतींच्या दगडांत आणि तिच्या दफ्तरखान्यातील कागदांत. राजांनी दिलेल्या सनदा, जमिनींचे दस्तऐवज, खर्चाच्या वह्या, विद्यार्थ्यांच्या नामावळ्या, विद्वान अध्यापकांची तैलचित्रे हे सारे पिढ्यान् पिढ्या जपले जाते, आणि पुढे येणारा इतिहासकार त्यावरून संस्थेचे चरित्र लिहितो. परंतु त्याच भिंतींच्या आत रोज सायंकाळी जे गाइले गेले, ज्या स्वरांनी ती इमारत शतकानुशतके भरून गेली, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. कोणते पद गाइले एवढेच फार तर कागदावर उरते, कसे गाइले ते गाणाऱ्यांबरोबरच नाहीसे होते. म्हणून एखाद्या महाविद्यालयीन गायकवृंदाची जुनी चित्रफीत भांडारातून बाहेर येते आणि लोकांना पुन्हा पाहावयास मिळते, तेव्हा त्या संस्थेच्या चरित्रातील एक कोरे पान भरले जाते, असेच म्हटले पाहिजे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील गायकवृंदाची १९५४ सालच्या नाताळातील कृष्णधवल चित्रफीत ही या प्रकारची वस्तू आहे, आणि तिच्या निमित्ताने त्या वृंदाचा परिचय मराठी वाचकांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

१९५४ साली बीबीसीने किंग्जमधील नाताळची गीते प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखविली. इंग्लंडात त्या वेळी दूरचित्रवाणीची ती एकच वाहिनी होती. आदल्याच वर्षी झालेल्या राणीच्या राज्याभिषेक समारंभाने घरोघरी नवे संच आले होते, आणि युद्धकाळापासून चालत आलेले अन्नधान्याचे नियंत्रण त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात पूर्णपणे उठले होते. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम चुंबकीय फितीवर टिपून ठेवण्याची सोय तेव्हा कोठेही उपलब्ध नव्हती. जे जपावयाचे ते चित्रपटाच्या फितीवरच जपावे लागे, आणि त्यासाठी पुष्कळदा एक विचित्र वाटणारी युक्ती योजली जाई: संचाच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा उभा करावयाचा आणि चारशे पाच रेषांनी विणलेली ती थरथरती प्रतिमा पडद्यावरूनच फितीवर उतरवून घ्यावयाची. फीत महाग होती आणि कार्यक्रम एकदा दाखविला की संपला, अशीच एकंदर समजूत असल्याने त्या काळातील असंख्य कार्यक्रम कायमचे लुप्त झाले. जे थोडे वाचले, त्यांत किंग्जचा हा कार्यक्रम आहे. वर्षानुवर्षे भांडारात राहिलेली ती दृश्ये आज पुन्हा पाहता येतात, आणि पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ते त्या चित्राचे दुबळेपण नव्हे, तर त्यामागील स्वरांचे सामर्थ्य.

या वृंदाचा उगम पाहावयाचा तर पंधराव्या शतकात जावे लागते. सहाव्या हेन्री राजाने १४४१ साली किंग्ज कॉलेजाची स्थापना केली, तेव्हा विद्यादान आणि नित्य उपासना ही दोन्ही कामे त्याने या संस्थेकडे सारखीच सोपविली. उपासनेच्या खात्यात सोळा बालगायकांची नेमणूक असावी, असे त्याच्या नियमांत स्पष्ट नमूद आहे. आणि राजवंश बदलले, धर्ममतांत उलथापालथ झाली, मध्यंतरी राजसत्ताच काही काळ बरखास्त झाली, तरी सोळा हा आकडा आजही कायम आहे. एखाद्या संस्थानिकाने देवस्थानच्या चौघड्यासाठी इनाम लावून द्यावे आणि पुढे संस्थान खालसा झाले तरी चौघडा वाजत राहावा, त्या जातीची ही वहिवाट आहे.

महाविद्यालयाच्या ज्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, हा वृंद गातो, ती वास्तू म्हणजे या वृंदाचे वाद्यच होय. १४४६ साली तिचा पाया घातला गेला आणि दगडी बांधकाम पुरे होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. जॉन वेस्टेल या स्थपतीने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत उभारलेले तिचे छत पंख्यांच्या पसरलेल्या काड्यांसारख्या दगडी कमानींचे असून, या प्रकारच्या छतांत ते जगात सर्वांत मोठे आहे. लांबी दोनशे एकोणनव्वद फूट, उंची ऐंशी फूट आणि रुंदी अवघी चाळीस फूट, अशा त्या अरुंद व उत्तुंग दालनात उच्चारलेला स्वर लगेच विरत नाही. तो छतापर्यंत जातो, लांबवर पसरतो आणि पुढचा स्वर निघाला तरी मागे रेंगाळत राहतो. याचा परिणाम असा की येथे गाणाऱ्याला घाई करून चालत नाही. व्यंजने नेमकी आणि एकाच क्षणी उच्चारली नाहीत तर शब्दांचा चिखल होतो. स्वर तसूभर उतरला तर तो उतरलेलाच काही काळ सर्वांच्या कानांवर पडत राहतो. किंग्जच्या गायनातील जो संयम आणि जी स्फटिकासारखी स्वच्छता जगाने वाखाणली, ती शिक्षकांच्या अभिरुचीइतकीच या दगडांच्या शिस्तीतूनही आलेली आहे.

गायकांची बैठक ध्यानात घेण्याजोगी आहे. वृंदाचे दोन भाग करून ते मधल्या वाटेच्या दोहो बाजूंस समोरासमोर बसविलेले असतात, आणि स्तोत्रांची चरणे कित्येकदा एका बाजूने म्हणावी व दुसरीने उचलावी, अशी रीत असते. हरिपाठाच्या वेळी टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून अभंगाचे चरण एकमेकींच्या हाती सोपवितात, ते ज्याने पाहिले आहे, त्याला या रचनेचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही. ऐकणाऱ्यांकडे तोंड करून गाणे निराळे आणि सोबतच्या गायकाकडे तोंड करून गाणे निराळे. दुसऱ्यात प्रदर्शनाचा अंश आपोआप कमी होतो. किंग्जचा वृंद आज ध्वनिमुद्रिकांमुळे सर्वत्र पोहोचला असला, तरी त्याचे मूळ काम मैफलीचे नसून सत्राच्या काळातील नित्य सायंप्रार्थनेचे आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

तथापि हा वृंद पहिल्यापासून इतका सिद्ध होता असे समजण्याचे कारण नाही. ऑर्थर हेन्री मॅन हे १८७६ साली ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले तेव्हा प्रौढ पुरुषांचे स्वर पगारी गायक सांभाळीत. ही माणसे वयाने वाढत, आवाज थकत, आणि नोकरी मात्र चालू राही. मॅन यांनी १९२९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, हे पद भूषविले, आणि त्यांच्या कारकिर्दीत एक मूलगामी बदल घडून आला. पगारी गायकांच्या जागा जसजशा रिकाम्या होत गेल्या, तसतशा त्या शिष्यवृत्ती देऊन निवडलेल्या विद्यार्थ्यांनी भरल्या गेल्या, आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस वृंदातील सारे पुरुषस्वर महाविद्यालयाच्या तरुण विद्यार्थ्यांचे झाले. बालगायकांसाठी स्वतंत्र शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उभी राहिली होती. सोळा मुले आणि सुमारे चौदा विद्यार्थी असा तरुण आवाजांचा जो मेळ आज किंग्जचा म्हणून ओळखला जातो, तो अशा रीतीने सहाव्या हेन्रीच्या काळाइतका पुरातन नसून जेमतेम एका शतकाचा आहे.

जिने या वृंदाचे नाव जगभर नेले, ती नाताळच्या आदल्या दिवसाची उपासनाही अशीच अर्वाचीन आहे. पहिले महायुद्ध संपून सहा आठवडे झाले होते. लष्करात धर्मोपदेशक म्हणून आघाडीवर राहून आलेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी चॅपलचे डीन झालेले एरिक मिल्नर-व्हाइट यांना असे वाटले की, ज्या महाविद्यालयाने आपली तरुण मुले खंदकांत गमावली आहेत, त्याला नेहमीच्या ठरावीक प्रार्थनेपेक्षा अधिक कल्पक आणि अधिक हृदयस्पर्शी असे काही हवे आहे. कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे १८८० साली बिशप बेन्सन यांनी, कायमचे कॅथीड्रल बांधून व्हावयाचे असल्याने एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत, नऊ पाठांची आणि गीतांची एक उपासना योजिली होती; तिचाच आराखडा घेऊन मिल्नर-व्हाइट यांनी २४ डिसेंबर १९१८ रोजी किंग्जमध्ये ती प्रथम घडवून आणली. आदमाच्या पतनापासून ख्रिस्तजन्मापर्यंतची कथा नऊ पाठांत वाचावयाची, प्रत्येक पाठानंतर गीते गावयाची, आणि वाचकांचा क्रम असा ठेवावयाचा की पहिला पाठ एका बालगायकाने वाचावा व शेवटचा महाविद्यालयाच्या प्रोव्होस्टने, म्हणजे प्रमुखाने. पुढच्याच वर्षी ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ हे गीत आरंभी आणले गेले, आणि पुढे त्याचे पहिले कडवे एकाच मुलाने साथीविना गावे अशी प्रथा रूढ झाली. अलीकडच्या काळात तर तो मुलगा कोणता, हे प्रक्षेपण सुरू होण्याच्या क्षणापर्यंत मुलांनाही ठाऊक नसते. गाण्यास सिद्ध असलेल्या मुलांपैकी एकाला संचालक बोटाने खूण करतात आणि तो गाऊ लागतो.

बीबीसीने ही उपासना १९२८ साली प्रथम नभोवाणीवरून ऐकविली आणि १९३० हे एक वर्ष वगळता ती दरवर्षी ऐकविली जात आहे. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या खिडक्यांतील अमूल्य रंगीत काचा काढून सुरक्षित ठेवण्यात आल्या, हिवाळ्यात दालन तापविण्याची सोय राहिली नाही, आणि शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून प्रक्षेपणात किंग्जचे नाव घेणेही बंद झाले. तरीही उपासना चुकली नाही. नाव न घेता गाइलेल्या त्या स्वरांवरून दूरदेशी छावण्यांत बसलेल्या कित्येकांनी आपले घर ओळखले असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही.

आता मूळ चित्रफितीकडे वळू. तिच्यात वृंदाचे नेतृत्व करताना दिसतात ते बोरिस ऑर्ड. मॅन यांच्यानंतर १९२९ साली ते या पदावर आले आणि १९५७पर्यंत राहिले. मधल्या युद्धकाळात ते हवाई दलात गेले असता हॅरल्ड डार्क यांनी त्यांची जागा सांभाळली. ऑर्ड यांनी संगीतरचना जवळजवळ केलीच नाही. ‘ॲडम ले यबाउंडन’ या पंधराव्या शतकातील पदाला त्यांनी दिलेली छोटीशी चाल हीच त्यांची एकमेव प्रसिद्ध रचना, आणि ती आजही या उपासनेत वारंवार गाइली जाते. त्यांचे खरे कर्तृत्व त्यांनी घडविलेल्या गायनात होते, म्हणजेच जे कागदावर उतरत नाही अशा द्रव्यात होते. अशा माणसाला प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधी या चित्रफितीने दिली, हे तिचे पहिले ऋण.

ती पाहताना दृष्टी खिळते ती ऑर्ड यांच्या हातावर. ज्यांनी वाद्यवृंदांचे संचालक पाहिले आहेत, त्यांना हवेत झेपावणाऱ्या बाहूंची सवय झालेली असते. येथे त्याचा मागमूस नाही. गायकांच्या रांगेशी उभे असलेले ऑर्ड हात फारसा उचलत नाहीत; बोटांची अत्यल्प हालचाल, मुलांकडे टाकलेला एक कटाक्ष, एवढ्यावर सारा कारभार चालतो. मेणबत्त्यांच्या उजेडात पांढरे झगे घातलेली मुले त्या बोटांकडे पाहतात आणि सगळ्यांच्या तोंडून शब्दाचा शेवट एकाच क्षणी होतो. यावरून एक गोष्ट लख्ख कळते की प्रत्यक्ष गायनाच्या वेळी सूचना देण्यासारखे काहीच शिल्लक उरलेले नव्हते. जे शिकवावयाचे ते रोजच्या तालमीत शिकवून झाले होते. ध्वनिमुद्रिकेवरून आपल्याला फळ कळले असते. चित्रफितीने त्यामागील शिस्त दाखविली.

दुसरी गोष्ट चित्रफितीत काय नाही, यावरून कळते. आज चॅपलच्या पूर्व टोकाला, वेदीमागे, रूबेन्सचे ‘ॲडोरेशन ऑफ द मेजाय’ हे भव्य चित्र आहे, आणि प्रवाशाला वाटते की ते प्रारंभापासूनच तेथे असावे. वस्तुतः ते चित्र महाविद्यालयाला १९६१ साली भेट मिळाले. १९५४ साली ते तेथे नव्हते. याच न्यायाने पाहिले तर त्या सायंकाळी गाइली जाणारी उपासना अवघी छत्तीस वर्षांची होती आणि केवळ विद्यार्थ्यांच्या पुरुषस्वरांची व्यवस्था तीस वर्षांचीही नव्हती. प्राचीन म्हणून ज्या परंपरेचा आपण आदर करतो, तिचे बहुतेक अवयव कोणीतरी, कोणत्यातरी वर्षी, कोणत्यातरी गरजेपोटी जाणीवपूर्वक घडविलेले असतात. हे कळल्याने परंपरेची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट ती घडविणाऱ्या माणसांचे मोठेपण दिसू लागते.

परंतु या चित्रफितीचे सर्वांत मोठे मोल याहूनही निराळे आहे. वीणा शंभर वर्षे टिकते, ऑर्गन दुरुस्त करता येतो. बालगायकाचा आवाज मात्र आठव्या-नवव्या वर्षी उमलतो आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. पाच वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध झालेले हे वाद्य एके दिवशी कायमचे नाहीसे होते, आणि ज्याचे ते होते त्यालाही पुन्हा वाजविता येत नाही. म्हातारपणी गवई आपली तरुणपणची तान निदान थरथरत्या गळ्याने सुचवू शकतो. त्या दिवशीच्या मुलांपैकी जे हयात असतील ते आज ऐंशीच्या आसपास पोहोचले असतील, आणि आपण कसे गात होतो हे ते शब्दांनी सांगू शकतील, स्वरांनी दाखवू शकणार नाहीत. विद्यार्थी-गायकांचेही तसेच, तीन-चार वर्षांत पदवी घेऊन ते निघून जातात. महाविद्यालयीन गायकवृंद ही अशी संस्था आहे की जिची सारी माणसे काही वर्षांत पूर्णपणे बदलतात आणि तरीही जिचे नाव, बैठक आणि स्वरधर्म तोच राहतो. ऑर्ड यांच्यानंतर डेव्हिड विलकॉक्स, फिलिप लेजर, स्टीफन क्लोबरी आणि २०१९पासून डॅनियल हाइड अशी संचालकांची परंपरा चालत आली. १९६८ साली या वृंदातील काही विद्यार्थी-गायकांनी ‘किंग्ज सिंगर्स’ हा स्वतंत्र गट काढून मोठा लौकिक मिळविला. हा प्रवाह कोठून कोठे आला, हे मोजण्यासाठी मागे एक पक्का दगड रोवलेला असावा लागतो. १९५४ची चित्रफीत हा तो दगड आहे.

या कथेचा एक धागा आपल्या मराठी जगापर्यंत येतो. ही चित्रफीत तयार झाली त्या काळी किंग्जमध्ये ई. एम. फॉर्स्टर हे कादंबरीकार कायमचे राहत होते. त्यांचे किंग्जमधील स्नेही माल्कम डार्लिंग हे देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे शिक्षक होते, आणि त्यांच्याच ओळखीने फॉर्स्टर देवासला गेले. १९२१ साली तर त्यांनी महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून काम पाहिले. त्या वर्षीच्या गोकुळअष्टमीच्या उत्सवात दिवसरात्र चाललेले भजन त्यांनी ऐकले, त्याचे वर्णन पत्रांतून घरी कळविले, आणि ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात तुकारामाचे नाव गात असलेला भजनीमेळा आणून उभा केला. देवासच्या आठवणींचे त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली, म्हणजे या चित्रफितीच्या केवळ एक वर्ष आधी, प्रसिद्ध झाले. शीर्षकातील त्या देवीच्या टेकडीच्या गावी १९४८पासून कुमार गंधर्व येऊन राहिले होते. फॉर्स्टर यांनी ऐकलेले देवासचे भजन मात्र आज आपल्याला शब्दांतच भेटते. त्याचा स्वर कोणी टिपला नाही.

हा विरोध मनाला लागतो, आणि तेथूनच आपल्या कर्तव्याकडे वळावेसे वाटते. महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांतून स्नेहसंमेलने झाली, समूहगान स्पर्धा झाल्या, भजनीमंडळे व भावगीतांचे गट नावारूपास आले; कोठे एखाद्या हौशी प्राध्यापकाने सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रण केले असेल, कोठे ध्वनिफितीवर गाणे उतरवून घेतले असेल. त्या फिती आज ग्रंथालयाच्या माळ्यावर, जिमखान्याच्या कपाटात, निवृत्त प्राध्यापकांच्या घरी पत्र्याच्या डब्यांत पडून असण्याचा पुष्कळ संभव आहे. ॲसिटेटच्या फितीला उष्णतेने आणि दमट हवेने क्षय लागतो. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला तर फीत कुजू लागली आहे असे समजावे. अशी फीत घरच्या प्रक्षेपकावर लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण आकसलेली फीत दात्यांत अडकून फाटते. ती थंड व कोरड्या जागी ठेवून जाणकाराच्या हाती सोपवावी. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि त्याचे आद्य शिल्पकार पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवून ते जतन केले, हा दाखला आपल्यासमोर आहे.

म्हणून प्रत्येक जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना, ग्रंथपालांना आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापली कपाटे एकदा उघडावीत, सापडेल त्या फितीवर गाव, साल आणि गाणाऱ्यांची नावे लिहावीत, आणि ज्यांना ती नावे ठाऊक आहेत त्यांना, ते हयात आहेत तोपर्यंत, विचारून घ्यावे. इमारतींची डागडुजी पुढच्या वर्षीही करता येईल. कुजत चाललेल्या फितीवरचा आवाज तेवढा काळ थांबणार नाही.